तिसऱ्या ओवीतला नागू

मी कळंब सोडलं त्या सकाळी अक्का दळत बसली होती. निरोप द्यायला ती दाराशी आली नाही.

उजाडायला थोडा अवकाश होता. शेजारच्या इराप्पाकाकांची गाडी करडईची पोती घेऊन बार्शीला निघाली होती आणि पोत्यांच्या मधे माझ्यापुरती बेचकी ठेवली होती. आप्पांनी माझी वळकटी त्या बेचकीत टाकली. त्यांनी अंघोळ करून विभूती लावली होती, पण डोळे रात्रभर जागल्यासारखे होते. म्हणाले, "मावशीकडं नीट ऱ्हा. कागद धाडू नगस, म्याच सांगावा धाडीन. आन् नागू, तकडं गेल्यावर जरा तोंड आवर." एवढाच बापलेकांचा निरोप. आमच्या घरात गळ्यात पडायची रीत नव्हती.

आत जात्याची घरघर चाललेलीच. मला त्याचा इतका राग आला की सांगता सोय नाही. माझी आई मी पाच वर्षांचा असताना गेली. अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिचं लग्न झालं, दोन वर्षांत नवरा पटकीनं गेला, आणि पोटाशी शकूला घेऊन ती परत आली ती आमची आई होऊनच. माझ्या डोक्याला तेल तिनं लावलं, माझ्यासाठी पंतोजींशी भांडली ती. आणि आज मी मुलूख सोडून चाललोय, तर हिला उंबऱ्यापर्यंत येववत नाही? मी फुरंगटून, तोंड फिरवून बसलो. बैल चालू लागले. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि मागून अक्काचा आवाज ऐकू आला.

*वाऱ्या, हात जोडिते रं, हळू वहावं रानात*
*माझा नागू वाटंवर, धूळ जाईल डोळ्यांत*

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती दाराशी आली असती तर जातं थांबलं असतं, आणि माझी ओवी राहिली असती. मी पोत्यांत तोंड खुपसून रडलो. इराप्पाकाका बिचारे भले गृहस्थ, बैलांशीच बोलत राहिले.

कळंबात राहिलेल्या माझ्या लोकांनो, तुम्हाला हे सांगायला नको. पण माझ्यासारखे बाहेर पडलेले आणि त्यांची शहरात जन्मलेली पोरं यांच्यासाठी सांगतो. आमच्या घरात दळणाची एक शिस्त होती. पहिली ओवी जात्याला, दुसरी महादेवाला, आणि तिसरी घरातलं जे माणूस वाटेवर असेल त्याला. त्याचं नाव घेऊनच गायची. आप्पा बाजाराला येरमाळ्याला गेले की आई त्यांचं नाव कसं घेणार? मग ती अक्काला म्हणायची, "तू घे गं बापाचं नाव, म्हंजी नीट पोचतील." माणूस परत आलं, चूळ भरून ओसरीवर टेकलं, की दुसऱ्या दिवशी त्याचं नाव ओवीतून उतरायचं. घरात बसलेल्या माणसाला कुणी गात नसे. आणि जी गायची, तिचं स्वतःचं नाव तर कुठल्याच ओवीत नसायचं. हे मला फार पुढं, केस पिकल्यावर लक्षात आलं.

आता मला गाव का सोडावं लागलं ते सांगतो. मोठं काही नव्हतं, एक गाणं होतं.

आप्पा कळंबच्या बाजारात मापारी. धान्याची रास मापताना पहिल्या मापाला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. "लाभ रे लाभ, लाभ... दोन रे दोन, दोन..." असा त्यांचा खर्जातला आवाज बाजारभर घुमायचा. पुढं लोक मला विचारायचे, तुमच्या गाण्यांना हा ठेका कुठून आला? मी काहीतरी भारदस्त उत्तर द्यायचो. खरं उत्तर ज्वारीची रास हे होतं.

लढाईचे दिवस होते. निजामाचं सरकार गावोगाव सक्तीनं लेव्हीची ज्वारी उचलत होतं आणि ती मापायला आप्पांनाच बोलवत होतं. मी महादेवाच्या जत्रेत, भजनी मंडळींच्या मधे उभा राहून, आप्पांच्याच चालीवर एक गाणं म्हटलं. 'लाभ' म्हणून माप पडतंय, पण लाभ नक्की कुणाचा, असं काहीतरी त्यात होतं. आज वाचलं तर दुसरीतल्या पोराची कविता वाटेल. पण जत्रा हसली, आणि हसलेली जत्रा कुणाच्याही कानापर्यंत पोचते. तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या अमीनाचा, म्हणजे फौजदाराचा, जवान दारात उभा. "अमीनसाब पूछ रहे, शायर कौन है?"

कुणीतरी मला शायर म्हणायची ती पहिली वेळ. खोटं कशाला सांगू, भीतीच्या आधी मला गुदगुल्या झाल्या.

आप्पांनी जवानाला गूळपाणी दिलं आणि पोरगं तापानं फणफणलंय, चार दिवसांनी हजर करतो म्हणून सांगितलं. चौथ्या दिवसाच्या आत मी गाडीत होतो. बार्शी म्हणजे इंग्रजी मुलूख. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता, तिथं शिपायानं पोत्यांत सळई खुपसून पाहिली, मला उतरवून विचारलं, "किधर?" मी म्हणालो, "मौसी के यहाँ." त्यानं हात हलवला. एवढ्यानं माझा देश बदलला.

बार्शीत मावशीनं दोन महिने खाऊ घातलं आणि मग ओळखीनं कोल्हापूरला एका सिनेमाच्या स्टुडिओत संवाद उतरवून काढायची नोकरी मिळवून दिली. मी छोट्या रेल्वेगाडीनं मिरजेपर्यंत आणि तिथून मोठ्या गाडीनं कोल्हापूरला गेलो. उतरलो तेव्हा अंगावर आप्पांचंच धोतर होतं. तिथलं पाणी गोड, माती तांबडी, माणसं मोकळी आणि जेवण तिखटजाळ. खानावळीत मी माळकऱ्यासारखा कोपऱ्यात बसून भाजी-भाकरी मागायचो तेव्हा सगळे हसायचे. माझ्या बोलण्यालाही हसायचे. मी 'अर्ज' न म्हणता 'दरख्वास्त' म्हणायचो, 'शाळा' म्हणायच्या ऐवजी तोंडातून 'मदरसा' निघून जायचं. आणि सगळ्यात मोठी पंचाईत लिहिण्याची. कळंबला वरच्या वर्गांत सगळं शिक्षण उर्दूत. त्यामुळे मला घाईत लिहायचं तर मराठीसुद्धा उर्दू अक्षरांतच येई. स्टुडिओत संगीत देणारे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांना माझ्या एका गाण्याची वार्ता लागली, म्हणाले, कागद आणा. मी आणला. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला, दिव्याशी नेला.

"काय हो, हा ताईत आहे काय?"

"मराठीच आहे मास्तर. उजवीकडून वाचायचं."

मास्तर इतके हसले की हार्मोनियमचा भाता बंद करून हसले. पण गाणं त्यांनी ऐकलं, आणि ठेवून घेतलं.

असा मी गीतकार झालो. नाव मात्र माझं राहिलं नाही. मालक म्हणाले, नागनाथ हे रेकॉर्डवर जड दिसतं. त्यांनी एक फुलाफुलांचं नाव सुचवलं आणि मीही मान डोलावली. अमीनसाहेबाच्या हाती आमच्या घराचा धागा नको, असं मी स्वतःला बजावलं. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. ते नाव मला आवडलंही होतं. तुम्ही मला त्याच नावानं ओळखता. ते मी इथं लिहिणार नाही. हा लेख नागूचा आहे.

दोनेक वर्षं बरी गेली. 'मुखडा', 'अंतरा', 'टेक', 'रिहर्सल' हे शब्द 'लाभ, दोन, तीन'च्या जागी येऊन बसले. मी पाटलोण घालायला लागलो. चहात साखर कमी पडली तर बोलून दाखवायला लागलो. कळंबची खबर आप्पांच्या सांगाव्यातून, बार्शीहून, महिन्या दोन महिन्यांनी यायची. सांगाव्याच्या शेवटी एक वाक्य हमखास असायचं: "अक्का रोज नाव घेती." ते वाचलं की मी पुढचे आठ दिवस ताठ चालायचो. दूर तिकडं, नाक्याच्या पलीकडं, कुणीतरी रोज पहाटे माझ्यासाठी वाऱ्याची विनवणी करतंय, आणि तिथं मी अजून नागू आहे, याचा मोठा आधार होता.

मग ते गाणं आलं. नायिका दळते आहे आणि नायक परगावी गेला आहे, असा प्रसंग होता. मी सहा मुखडे लिहून नेले. मास्तरांनी सहाही बाजूला सारले. स्टुडिओचा वेळ चालला होता, वादक विड्या ओढून कंटाळले होते. मास्तर वैतागून म्हणाले, "अहो, तुम्ही खेड्यातले ना? हे सगळं पुस्तकातलं आहे. बायका काय म्हणतात दळताना? ते द्या ना!"

मी बोलून गेलो. अक्काची ओवी, अक्काच्याच चालीत.

मास्तरांचा हात हार्मोनियमवर थांबला. "पुन्हा म्हणा." मी पुन्हा म्हटली. सारंगीवाल्यानं विडी विझवली. मास्तर म्हणाले, "हेच. पण हा नागू कोण? आपल्या हिरोचं नाव वेगळं आहे. नागू काढा, सखा घाला. अक्षरं बरोबर बसतात."

बसतच होती. हेच तर दुःख. 'नागू'च्या जागी 'सखा' अगदी मापात बसला, कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. मी माझ्या हातानं माझं नाव खोडलं आणि वर 'सखा' लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही. उलट दिवसाचं काम उरकलं म्हणून मी त्या संध्याकाळी भजी खाल्ली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ते गाणं घरोघर गेलं. लग्नात, हॉटेलात, तंबूतल्या सिनेमात, जिथं फोनोची तबकडी फिरेल तिथं ते गाणं. लोक मला रस्त्यात थांबवायला लागले. मुंबईहून बोलावणी आली. नाक्यावरच्या शिपायानं माणसं अडवली असती, गाणं कसं अडवणार? ते बार्शीहून येरमाळा, येरमाळ्याहून कळंब असं मला न विचारता माझ्या घरी पोचलं.

त्याच साली बार्शीत माझा छोटासा सत्कार ठरला. मी निरोप धाडला आणि आप्पा नि अक्का नाका ओलांडून मला भेटायला मावशीच्या घरी आले. तीन वर्षांनी भेटत होतो. आप्पा वाळले होते. अक्कानं फडक्यातून ज्वारीच्या कडक भाकरी, कारळाची चटणी आणि शेंगांचा कूट आणला होता. माझ्या पाटलोणीकडं तिनं एकदा पाहिलं आणि हसू दाबलं. मी तिच्यासाठी काय आणलं असेल? तीच रेकॉर्ड! घरात फोनो नाही हे मला माहीत होतं, तरी आणली. तिच्या मांडीवर ठेवून मी ऐटीत म्हणालो, "अक्का, तुझी ओवी सारा मुलूख गातोय."

"व्हय, आयकली म्या," ती म्हणाली. "बाजारातल्या हाटेलात लावत्यात. पाण्याला जाताना उभी ऱ्हाऊन आयकली." मग रेकॉर्डवरून हात फिरवत, अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "नागू कुठं गेला रं त्यातला?"

मी समजावलं. सिनेमा, प्रसंग, हिरो, हिरॉइन, मीटर. मी फार चांगलं समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग आता त्या वाटंवर हाय कोण?"

"कुणी नाही गं. सखा म्हणजे... कुणाचाही असू शकतो."

"कुनाचाबी असंल त्याच्यासाठी म्या कशाला हात जोडू?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आन् आपल्या आळीतल्या समद्या सुना आता तेच म्हनत्यात दळताना. भावाचं नाव सोडलं त्यांनी. सखा म्हनत्यात. म्हाताऱ्या वराडत्यात, कोन गं तुझा सखा, म्हणून. तुला ग्वाड वाटलं आसंल. पर लई भावांची नावं उतरवलीस तू, नागू."

मी आप्पांकडं पाहिलं. तोंड आवर म्हणणारा माझा बाप त्या दिवशी माझी बाजू घेईल असं वाटलं. आप्पा भिंतीकडं बघत म्हणाले, "तिसरी ओवी आता मुकीच जाती घरात. निस्तं जातं फिरतं."

म्हणजे ती गातच नव्हती. पहिली म्हणायची, दुसरी म्हणायची, आणि तिसरीच्या जागी नुसतं जातं फिरवून चौथीला लागायची. नवी ओवी रचायची तिची तयारी नव्हती. होती ती मी देऊन टाकली होती. संध्याकाळच्या सत्कारात लोकांनी तेच गाणं म्हणायचा आग्रह केला. मी म्हटलं. टाळ्या पडल्या. अक्का मावशीकडंच थांबली होती, भाकरी करत.

त्यानंतरची वर्षं बाहेरून पाहणाऱ्याला माझ्या भरभराटीची. गाण्यामागून गाणं. आणि आतून मी कुणीतरी दोरी सोडलेल्या गाडग्यासारखा विहिरीत हेलकावत होतो. अंधश्रद्धा म्हणा. शहरातल्या मित्रांना मी हे सांगितलं असतं तर ते हसले असते. मीच हसलो असतो. पण प्रवासाला निघताना मी उंबऱ्यापाशी अडायचो, आता वाऱ्याला कुणी काही सांगितलेलं नाही म्हणून.

मग हैदराबाद संस्थानातली ती शेवटची धामधूम सुरू झाली. नाके बंद झाले, सांगावे थांबले. कळंबकडची माणसं बायकापोरांसह बार्शीत येऊन पडली, पण त्यांत आप्पा-अक्का नव्हते. बार्शीला जाऊन आलेल्यांना विचारलं तर कुणी म्हणे घरात कोंडून आहेत, कुणी म्हणे शेतात लपले आहेत. त्या चार महिन्यांत मी एक ओळ लिहिली नाही. पहाटे उठून खोलीत येरझाऱ्या घालायचो. वाटत होतं, आता मी काहीतरी म्हणायला पाहिजे. पण पुरुषानं ओवी म्हणायची रीत नाही, आणि अक्काचं नाव ओवीत कसं घालायचं तेही ठाऊक नाही. तिला नावानं मी कधी हाक मारली नव्हती.

निजामाचं राज्य गेलं आणि हिवाळ्यात मी घरी निघालो. नाक्याच्या खोलीचं दार सताड उघडं होतं, आत शेळ्या बांधल्या होत्या. मला किधर म्हणून विचारायला कुणी नव्हतं. कळंबात शिरलो तेव्हा आप्पा ओसरीवर बसून शकूकडून पोथी वाचून घेत होते. आप्पा-अक्का दोघंही जिवंत, धडधाकट. अक्कानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, काय हवं नको ते पाहिलं. एवढी माया केली, पण ओवीबद्दल चकार शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे जात्याच्या आवाजानं जाग आली. मी अंथरुणात पडून ऐकत राहिलो. पहिली ओवी झाली. दुसरी झाली. मग नुसती घरघर. त्या घरघरीत माझ्या छातीवर जातं फिरतंय असं वाटत होतं. मी उठलो आणि जाऊन तिच्यासमोर मांडी घालून बसलो, आणि खुंट्याला हात घातला.

"आरं, बायकांचं काम हाय ह्ये. आप्पा बघतील."

"बघू दे."

दोघांनी मिळून फिरवायला लागलो. मला जमेना, मी ओढायचो तेव्हा तीही ओढायची, जातं थडथडायचं. तिनं माझ्या हातावर चापट मारली, मग कसंबसं लयीत आलं. आणि गीतकार म्हणून मिरवणाऱ्या माझ्या तोंडून, सहा मुखडे नाकारले गेलेल्या माणसाच्या तोंडून, विचार न करता आलं:

*वाऱ्या, हात जोडितो रं, नको शिरूस घरात*
*माझी भागू जात्यापाशी, पीठ उडंल डोळ्यांत*

भागीरथी तिचं नाव. आई तिला भागू म्हणायची. आई गेल्यापासून त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. अक्का एकदम थांबली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली.

"येड्या, पिठानं बायांचं डोळं जात न्हायत. जलमाची सवय आसती."

"मग बदलतो. मापात बसंल असं काहीतरी घालतो."

"काय बी घालू नगस. आसं गातच न्हाईत. जी घरात हाय तिला कोन गातं का? वाटंवर आसंल त्यालाच गावं."

मला धीर आला. म्हणालो, "अक्का, मग माझी कधी गाणार?"

"तू तर हितं माझ्या म्होरं बसलायस. घरात हायस तवर न्हाय गाणार."

"आणि गेल्यावर?"

"गेल्यावर तुला कुटं आयकू येनार हाय?" ती म्हणाली, आणि सुपातले मूठभर दाणे जात्याच्या तोंडात टाकले.

मी आठ दिवस राहिलो. नवव्या दिवशी सकाळी निघालो. आप्पा दाराशी आले. अक्का आली नाही, आणि या वेळी मला राग आला नाही. येरमाळ्याची मोटर बाजारापाशी उभी राहायची, तिथवर चालत जायचं होतं. मी मुद्दाम हळू चालत होतो, चप्पल वाजू नये म्हणून जपून पाय टाकत होतो. पहिली ओवी मागून आली. दुसरी आली. गल्लीच्या तोंडाशी मी थांबलो. जातं फिरत होतं. एक फेरा, दोन फेरे. मी वळून पाहिलं नाही.

अक्का नेहमी गुणगुणल्यासारखी गायची. शेजारच्या भिंतीपलीकडंही जायचं नाही. त्या सकाळी ती असल्या चढ्या आवाजात गायली की इराप्पाकाकांचे बैलसुद्धा कान टवकारून उभे राहिले. 'माझा नागू वाटंवर'. तिला मला ऐकवायचंच होतं. माझ्या आयुष्यात माझी अनेक गाणी मोठमोठ्या गळ्यांनी गायली. त्या सगळ्यांना स्मरून सांगतो, एवढं सुरात माझं नाव कुणी घेतलं नाही.

नंतर पुष्कळ वर्षं असंच चाललं. कोल्हापूर सुटलं, पुण्यात घर झालं, फाटकावर ते फुलाफुलांचं नाव आलं. वर्षातून दोनदा मी कळंबला जायचो. लोक विचारायचे, घरी गेल्यावर बरं वाटत असेल ना? वाटायचं. पण खरं सांगू? मला घराची सगळ्यात जास्त खूण पटायची ती तिथून निघताना, गल्लीच्या तोंडाशी. आप्पा गेले. कळंबात पिठाची गिरणी आली, मग दुसरी आली. दळण गिरणीतून यायला लागलं, तरी मी निघायच्या दिवशी अक्का पसाभर ज्वारी जात्याशी घेऊन बसायची. मोटरीची एस. टी. झाली, तिच्या केसांचा कापूस झाला, आवाज फाटला. ओवीतलं नाव तेच राहिलं.

परवा ती गेली. मी पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती. आमच्यात बसवूनच माती देतात. शकू म्हणाली, "मामा, आई जात्याशी बसायची तश्शीच बसली व्हती." शकूच आता साठीला आली आहे.

मी चार दिवस राहिलो. पाचव्या दिवशी सकाळची एस. टी. होती. पिशवी भरली, चप्पल घातली आणि दारातून निघालो, तर पाय उचलेना. आत काहीच वाजत नव्हतं. माणसानं घरातून निघावं आणि मागं काहीच वाजू नये, ही सवय मला नव्हती. मी परत फिरलो. परसात जातं भिंतीला टेकवून ठेवलं होतं, वरच्या तळीचा खुंटा निखळला होता. शकूनं न विचारता लाकडाची ढलपी ठोकून दिली आणि सुपात ज्वारी आणली. माझं वय बघता मला खाली बसायलाच दोन मिनिटं लागली.

पहिली ओवी जात्याला म्हटली. दुसरी महादेवाला. तिसरीपाशी आलो आणि क्षणभर सवयीनं माझंच नाव ओठांवर आलं. मग अक्काची शिस्त आठवली. मी तर इथं घरात बसलो होतो. वाटेवर आता ती होती.

*वाऱ्या, हात जोडितो रं, हळू वहावं रानात*
*माझी भागू वाटंवर, धूळ जाईल डोळ्यांत*

शकू समोर येऊन बसली आणि तिनं दुसऱ्या बाजूनं खुंट्याला हात लावला. एस. टी. गेली. पीठ खरबरीतच पडलं, भाकरी थापता येईल असं नव्हतंच. पण तिसरी ओवी मुकी गेली नाही.